पान एकसष्ट

ग्लाफिराबाईंनी पुस्तक हातात ठेवलं तेव्हा म्हणाल्या,
"गेनादी, यात तुझाच रस्ता आहे."
हिन्चेश्तीपासून प्रूत नदीपर्यंत, सीमेच्या चौकीपर्यंत.
अकरा वर्षं त्या रस्त्यावर मी मिनीबस हाकली,
म्हणून घेतलं. एरवी कादंबऱ्या हे बायकोचं खातं.
ती होती तोवर मी फक्त दिवा मालवायचो.

आधी चुका सांगतो.
रस्त्याकडेचे अक्रोड ऑक्टोबरात फुलत नाहीत.
चौकीवर दोन रांगा नव्हत्या, एकच होती,
आणि तिथे एक तीन पायांचा कुत्रा असायचा,
त्याचा तर पत्ताच नाही पुस्तकात.
मुलीला विकणारी बाई काळा चष्मा लावते म्हणे.
छे. ती आमच्या दोन घरं पलीकडची,
ईस्टरला अंडी रंगवून आळीभर वाटणारी.
मुलींच्या आया तिला आपणहून जेवायला बोलवायच्या,
कोंबडी कापायच्या तिच्यासाठी.

पान एकसष्टवर ड्रायव्हर येतो.
त्याला नाव नाही. त्याच्या वाट्याला एकच ओळ:
'ड्रायव्हरने रेडिओचा आवाज वाढवला.'
मग पान उलटतं, नदी येते,
आणि तो संपतो.

हीसुद्धा चूक.
त्या हिवाळ्यात माझा रेडिओ बंद पडला होता.
मला सगळं ऐकू येत होतं.

मागच्या सीटवरची पोर
(पुस्तकात आक्सेनिया; खरीचं नाव
मी विचारलं नाही)
शेजारच्या माणसाला विचारत होती,
हॉटेलात भांडी घासायला हातमोजे देतात का,
साबणाने तिच्या बोटांना पुरळ येतं.
तो म्हणाला, देतात.
बऱ्याच वेळाने तिने विचारलं, पासपोर्ट मी ठेवू माझ्याकडे?
तो म्हणाला, हरवशील.

आरशात मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे.
मी आरसा जरासा वर केला.
मागच्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर येतायत,
असं स्वतःला सांगितलं.
मागे ट्रक नव्हता.

उतरताना तो म्हणाला, सुटे राहू द्या.
त्या सुट्यांत विओरिकाला बूट आले,
लाल, आतून लोकर.
दोन हिवाळे घातले तिने. पाय वाढले
तेव्हा मावसबहिणीला दिले.
चांगले होते बूट. अजून कुठेतरी असतील.

शेवटी कादंबरीतली मुलगी घरी येते.
पहाटेची बस, विहिरीपाशी आई, हातातून सुटलेली बादली.
ग्लाफिराबाई म्हणाल्या, तिथे त्यांना रडू आवरेना.
मी मोजत बसलो.
जाताना सोळा सीटा, येताना सोळा सीटा, अकरा वर्षं.
येताना मी कांदे आणले, जुने टायर आणले,
एकदा एक शवपेटी आणली,
रोमानियात परातीवरून पडलेल्या गवंड्याची.
मागची सीट येताना बहुतेक रिकामीच असायची.
मी तिच्यावर कोट टाकायचो.

काल रात्री पेन घेतलं.
ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये,
पहिल्याच पानावर तसा शिक्का आहे, जांभळा.
तरी पान एकसष्ट काढलं,
'ड्रायव्हरने' खोडलं,
वर लिहिलं: गेनादी कुशनीरने.
मग 'रेडिओचा आवाज' खोडला.
आता उरलंय माझं नाव, मध्ये एक भोक,
आणि 'वाढवला'.

तिथे काय होतं ते मला ठाऊक आहे.
चढ संपल्यावर, खाली चौकीचे दिवे दिसल्यावर,
तिने पुढे वाकून म्हटलं होतं, काका, जरा थांबता?
वेग.
तो शब्द अजून लिहिलेला नाही.

मंगळवारी पुस्तक परत द्यायचंय.
ग्लाफिराबाई घेताना पानं तपासतात,
अंगठ्याला थुंकी लावून,
एकेक.